दांड्या कसाले?

सोमवार, रात्र

कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीचं, विसर्जन झालं. गाण्यांनी घसा बसलाय, पोटऱ्या भरून आल्यात, घरात अजून रोटांचा वास आहे. खरं तर आडवं व्हायला हवं. पण शनिवारचं ते काही डोक्यातून जाईना, म्हणून वही काढली. यांना सांगून पाहिलं. हे हसले.

शनिवारी शाळा सुटल्यावर परस्पर पिंप्राळ्याच्या प्लॉटवर गेले. सगळं ठरलेलं होतं: रविवारी पहाटे फुलं कापायची, लगेच पाण्याच्या बादलीत, आणि ऊन चढायच्या आत घरी. दुहेरी निशिगंधाच्या दांड्यांवर खालची जोडी नुकती उमललेली, वरच्या कळ्या मिटलेल्या, टोकांना जराशी गुलाबी झाक. कापायची वेळ ती हीच. मग कळ्या पाण्यात खालून वर उमलत जातात, रोज पाणी बदललं आणि बूड जरासं छाटलं तर आठवडा निघतो. पितळी कळशा घासून ठेवल्या होत्या. कानबाईच्या दोन बाजूंना दोन, उंच, भरलेल्या.

फाटक नुसतं लोटलेलं. दांड्या जागच्या जागी होत्या, फुलं नव्हती. जवळ जाऊन पाहिलं तर फुलं तुटली त्या ठिकाणी दांडीवर ओले हिरवे ठिपके, आणि अगदी शेंड्याला मुगाएवढ्या दोन-चार कळ्या, टोपलीत घ्यायच्या लायकीच्या नसाव्यात म्हणून सोडलेल्या. झिनियाचंही तेच. मानेपाशी खुडलेली, खाली हातभर देठ तसाच उभा.

चोर वगैरे कुणी नव्हतं. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि धाकटी, रिक्षा करून आल्या होत्या. फोन केला तर जिजी खुशीत. "तुनी फुलं लई चांगली व माय! मोठा हार व्हयना." मी म्हटलं, जिजी, मी उद्या दांड्यांसकट कापणार होते. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "देवले फुलं लागतस, दांड्या कसाले?"

यावर काय बोलणार? देवीसाठीच नेली. न विचारता नेली असंही म्हणता येत नाही, कारण आपल्या घरात फुलं तोडायला कोण कुणाला विचारतं! मग मला एवढं का लागलं? चोरीला गेली असती तर सरळ चिडले असते आणि जेवून झोपले असते.

काय आहे, फूल काय, ते येतंच. झाड धडपणे जगलं की फूल येतं. माझं वर्ष जातं ते दांडीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला कंद लावले तेव्हा पारा 45 च्या आसपास होता, जमिनीला भेगा. आपल्या काळ्या मातीचं दोन्हीकडून मरण: उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि कंद कुजतात. म्हणून गादीवाफे उंच केले, शेणखत घातलं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. मग वारा. दांडी आडवी पडली की शेंडा पुन्हा वर वळतो आणि ती कायमची वाकडी राहते, त्यासाठी दोन्हीकडून सुतळ्या ताणल्या. झिनियाचा तर मुख्य शेंडाच रोप वीतभर झाल्यावर खुडावा लागतो, तेव्हा खालून फांद्या फुटून लांब देठ मिळतात. कोवळ्या झाडाचा चांगला शेंडा खुडताना दर वर्षी पोटात कालवतं. आणि कापायच्या आधी देठ वीतभर खाली धरून हलवून बघायचा. मान डुलली तर कच्चं, ताठ राहिली तर घ्यायचं.

हे सगळं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार. फूलबाजारात सुटी फुलं किलोवर जातात आणि दांडीची जुडीवर, पण त्या जुड्या घेणारे मंडपवाले, घरासाठी कोण घेतं? आमच्या स्टाफरूममध्ये एकदा बाटलीत पाच-सहा झिनिया ठेवल्या तर "कुणाचा सत्कार आहे का?" असं विचारून झालं. फुलाने देवाकडे जावं, नाहीतर केसात, नाहीतर पाहुण्याच्या गळ्यात. नुसतं टेबलावर उभं राहिलं की त्याचं काय चाललंय ते कुणाला कळत नाही. माझंही काय चाललंय ते कुणाला कळत नाही, हे शनिवारी संध्याकाळी त्या वाफ्यात उभं राहून मला फार मोठं दुःख वाटलं. रडले थोडी. प्लॉटवर पुढच्या वर्षी बांधकाम काढायचं म्हणतात. त्यावर आज नको.

पण परत तेच. त्यांनी माझी फुलं घेतली, आवडीने घेतली, चारचौघींत "आमच्या सुनेच्या वाफ्यातली" असं सांगितलं. आणि मी जे वाढवलं होतं ते तिथेच उभं ठेवून आल्या. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या, म्हणूनच राग कुठे ठेवावा कळेना.

रविवारी रात्री कानबाईसमोर बसले. हार खरंच देखणा झाला होता, हे लिहायला हवं. निशिगंधाच्या ओळीत मधूनमधून झिनियाचा लाल. नारळाच्या त्या मुखवट्याला नथ, आणि नथीशेजारी मिटलेल्या कळ्यांचा झुबका. रात्र चढली तशा त्यातल्या काही उमलल्या. वास असा की गाण्यात मध्येच थांबून बायका नाकाने श्वास घेत होत्या. कळशीत ठेवलेल्या दांड्यांकडे एवढं कुणी पाहिलं नसतं. मीही चोरून दोन-तीनदा हाराकडेच पाहिलं.

आणि मनात आलं, निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. झिनिया मेक्सिकोची. दारावरच्या तोरणातला झेंडू, तोही तिकडचाच. ही सगळी मंडळी एवढ्या लांबून खान्देशात येऊन कानबाईच्या गळ्यात बिनबोभाट बसली, आणि मी पिंप्राळ्याहून घरापर्यंत एक दांडी आणू शकले नाही. इथे मात्र माझं मलाच हसू आलं. जिजींना वाटलं, गाण्याला हसतेय. डोळे वटारले.

आज सकाळी जाऊन ते बोडके देठ कापून टाकले. नव्या दांड्या निघताहेत, गौरींपर्यंत येतील. कुंपणाच्या बाजूने एकेरी निशिगंधाची एक ओळ लावायचं ठरवलंय, हारवाल्यांसाठी. एकेरीला वासही जास्त. दुहेरी माझा. फाटकाला कुलूप लावावं असंही क्षणभर वाटलं, पण जिजी रिक्षाचे पैसे घालून येणार आणि कुलूप बघून परत जाणार, ते बोलणं वर्षभर ऐकण्यापेक्षा फुलं गेलेली परवडली.

विसर्जनाहून येताना जिजी शेजारी चालत होत्या. म्हणाल्या, तो कंद मला दे, मागच्या अंगणात लावते. डब्यात येतो का? मी म्हटलं, तेलाच्या मोठ्या डब्यात येईल, बुडाला भोकं पाडा, पण दांडी वाऱ्याने पडते, काठी बांधावी लागेल.

"काठी कसाले? दांडी वर येवानी पहिलेच फुलं तोडी लेसु."

म्हटलं, जिजी, दांडीच्या आधी फुलं येत नाहीत.

जरा वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाल्या, "मंग बांधसु."