आमची वाटचाल : आधी मीटर, मग मशीन

१९९४ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत अर्धी शेड भाड्याने घेतली तेव्हा आमच्याकडे तार गुंडाळायचं, हाताने फिरवायचं एक वाइंडिंग मशीन होतं आणि माझा धाकटा भाऊ होता. फ्रिज आणि टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायचे, दुकानदारांना उधारीवर द्यायचे, असा धंदा. पहिली दहा-बारा वर्षं त्यातच गेली.

मिरज शेजारीच. तंबोरे-सतारी घडवणारं गाव, त्यामुळे घरी चांगलं गाणं ऐकणारी माणसं इथे भरपूर. त्यांच्यातल्याच काहींनी विचारायला सुरुवात केली, "ऑडिओसाठी पॉवर कंडिशनर बनवता का?" म्हणजे गाण्याच्या सेटला जाणारी वीज स्वच्छ करणारा डबा. आम्ही बनवला. ५०० व्हीए क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (घरची लाइन आणि सेट यांच्यात थेट तारेची जोडणी न ठेवणारा), पुढे नॉइज फिल्टर, विजेचा अचानक आलेला झटका शोषून घेणारा एमओव्ही, वर छान पावडर कोटिंग केलेला डबा. भरपूर विकला. आवाज स्वच्छ होतो, असं आम्ही छातीठोकपणे सांगत होतो, आणि ते आम्हाला खरंच वाटत होतं.

मग एक निवृत्त संगीतशिक्षक डबा परत घेऊन आले. म्हणाले, "तबल्यातला डग्गा पातळ झालाय. तुमचं मशीन काढलं की परत भरतो." भावाला ते पटलं नाही. मी मात्र त्यांचा अॅम्प्लिफायर शेडवर मागवून घेतला, स्पीकरच्या जागी डमी लोड (तेवढीच ताकद खाणारा रेझिस्टर) लावला आणि पूर्ण ताकदीने चालवला. आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणारं व्होल्टेज २३० वरून २१६ वर उतरलं. सरांचं म्हणणं खरं होतं.

अॅम्प्लिफायर वीज सलग ओढत नाही. त्याच्या आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) विजेच्या लहरीच्या टोकावरच, सेकंदाला १०० वेळा, झटक्याने भरून घेतात. त्या क्षणी वाटेत बारीक तारेचं वाइंडिंग आलं की करंट अडतो. हळू आवाजात ऐकणाऱ्याला हे कधी कळणार नाही. पण सर मोठ्याने ऐकायचे आणि त्यांचे स्पीकर जड होते. आम्ही पैसे परत केले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तसेच डबे अजून कितीतरी घरांत होते.

त्यानंतर आम्ही स्वतःचीच परीक्षा घेतली. मुलगा पडद्याआड प्लग बदलायचा आणि ऐकणाऱ्याने फक्त सांगायचं, मशीन आहे की नाही. लाइन चांगली असताना, मध्यम आवाजात, मी २० पैकी १२ वेळा बरोबर निघालो. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं. कानावरचा माझा विश्वास त्या दिवशी खाली आला.

तेव्हापासून आम्ही आधी घरी जातो. सोबत मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि वही. स्पीकरमधून गुणगुण येते म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये सापडतो. एका जुन्या वाड्यात तर बाजारातला कंडिशनर लावल्यावर गुणगुण वाढली होती आणि अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर, एक फेजवरून आणि एक न्यूट्रलवरून, अर्थला जोडलेले असतात. वाड्यात अर्थच नव्हता, त्यामुळे सगळा पत्रा २३० च्या निम्म्यावर लटकत होता. अंगणात खड्डा घेतला, जीआय पाइप, कोळसा, मीठ, पाणी. मुंग्या थांबल्या. उरलेली बारीक गुणगुण केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढताच गेली. आमचं एकही मशीन तिथे लागलं नाही.

म्हणून मशीन निरुपयोगी म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. संध्याकाळी १७० व्होल्ट येणाऱ्या घरात सर्वो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज सलग जुळवणारा) हवाच, आणि तो सर्वोच हवा. रिलेचा, म्हणजे स्विचने टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा घेतला तर टप्पा बदलताना क्षणभर वीज तुटते आणि स्पीकरमध्ये ठप्प असा आवाज येतो. न्यूट्रल तुटून ४०० च्या आसपास व्होल्टेज शिरलं तर कट-ऑफ सर्किट लाखाचा सेट वाचवतं. एमओव्ही झटके खाऊन खाऊन थकतो, म्हणून तो आम्ही सहज बदलता येईल अशा जागी बसवतो.

आज शेडमध्ये सात जण आहेत. ५०० व्हीएचं मॉडेल बंद केलं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अजून बनवतो, पण अॅम्प्लिफायरच्या गरजेच्या निदान तिप्पट क्षमतेचा आणि मागणीप्रमाणे. तो जड होतो, महाग पडतो, कमी विकला जातो. सरांसाठी मात्र आम्ही कुठलंच मशीन बनवलं नाही. मीटर-बोर्डापासून त्यांच्या खोलीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची लाइन ओढली आणि सैल झालेला सॉकेट बदलून १६ अँपिअरचा बसवला. बिलात मजुरी, तार आणि सॉकेट एवढंच होतं.