उन्हाळा, काळी माती आणि ऑल-सीझन टायर : विदर्भातील माझा अनुभव

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आहे. घरच्या गाडीला आर्वीच्या बाजाराची फेरी असते, वर्ध्याचा दवाखाना असतो, शेताकडे जाणारा पांदण रस्ता असतो आणि अधूनमधून समृद्धी महामार्गाने नागपूर असते. जुने टायर गुळगुळीत झाल्यावर नवीन संच घेताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता, तो म्हणजे बाराही महिने न बदलता चालणारा टायर आपल्या भागातील दोन टोकांच्या हवामानात खरोखर टिकेल का. ही टोके किती दूर आहेत हे नागपूरच्या नोंदींवरून कळते. २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला.

खरेदीपूर्वी मी टायरच्या रबराविषयी वाचले आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला विचारले. तिकडे हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे टायर वेगवेगळे वापरण्याची पद्धत आहे. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड घटते. हिवाळी टायरचे मिश्रण मात्र थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतील बारीक चिरा बर्फ धरतात. दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे ऑल-सीझन टायर. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. टायरच्या बाजूला नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असणे आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असणे यांत मोठा फरक आहे. अक्षरे कंपनी स्वतः टाकते, तर डोंगराचे चिन्ह बर्फावरील ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून हे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात.

आपल्याला त्या चिन्हाची गरज नाही, असे माझे मत झाले. आपल्याकडे पारा ७ अंशांच्या खाली जातो तो हिवाळ्यातील मोजक्या पहाटांना, आणि तेव्हाही रस्त्यावर बर्फ नसतो. उलट हिवाळी टायर येथे एप्रिल-मे महिन्यांत चालवला, तर त्याचे मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल. आपली खरी परीक्षा उष्णतेची आणि पावसाची आहे.

दुकानात मी प्रत्येक टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचला. माझ्या गाडीचे माप २१५/६० आर १६ आहे आणि त्यापुढे ९५ एच असे लिहिलेले असते. ९५ या अंकाचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ६९० किलो भार, आणि एच या अक्षराचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. शेवटी चार अंकांत निर्मितीची तारीख असते. ३५२३ असे लिहिले असेल, तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातील आहे. चारही टायर अलीकडचे आणि एकाच सुमाराचे मिळावेत असा आग्रह मी धरला, कारण गोदामात पडून राहिलेले रबरही वयाने कडक होते. आयएसआय खूण पाहिली. चारही वॉल्व्ह नवीन बसवून घेतले, कारण आपल्या उन्हात वॉल्व्हच्या रबराला टायरच्या आधी भेगा पडतात.

मी घेतलेल्या टायरवर उष्णता सहन करण्याची श्रेणीही छापलेली होती. ए, बी, सी अशा तीन श्रेणी असतात आणि ए सर्वांत वरची असते. मात्र ही श्रेणी गृहीत धरते की टायरमध्ये हवा बरोबर आहे आणि गाडीत प्रमाणाबाहेर भार नाही. ही अट मला श्रेणीपेक्षाही महत्त्वाची वाटली, कारण आमच्या भागात उन्हाळ्यात नेमकी तीच मोडली जाते.

मार्च संपत आला की हवा भरणारा हमखास सांगतो, “उनायाचे दिवस हायेत भाऊ, हवा कमीच ठेवा, नाही तं टायर फुटते.” त्याच्या सांगण्यात काळजी असते आणि त्यामागचा तर्कही पटण्यासारखा वाटतो: उष्णतेने हवा प्रसरण पावते, म्हणून आधीच थोडी कमी ठेवावी. मी मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून या सल्ल्याच्या उलट वागायचे ठरवले. त्याचे कारण येथे सविस्तर लिहितो, कारण माझ्या सगळ्या अनुभवाचे सार तेवढेच आहे.

टायरमधील हवा तापली की दाब वाढतो, हे खरे आहे. १२ अंशांच्या पहाटे ३३ पीएसआय (टायरमधील दाब मोजण्याचे एकक) असलेली हवा टायरचे तापमान ४२ अंश झाल्यावर सुमारे ३८ होते. परंतु कंपनी जो आकडा दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापते, तो थंड टायरसाठी असतो आणि चालताना होणारी वाढ त्यात आधीच धरलेली असते. टायरला धोका या वाढीपासून नाही. हवा कमी असली, तर रस्त्याला टेकणारा भाग अधिक चपटा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू अधिक वाकते. माझ्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर आहे, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि तितक्याच वेळा वाकतो. तार वारंवार वाकवली की ती बोटांना चटका देण्याइतकी तापते, तसेच येथे होते. ही उष्णता टायरच्या आत तयार होते, आणि ४५ अंशांच्या दुपारी डांबराचा पृष्ठभागच ६० अंशांच्या वर गेलेला असल्यामुळे तिला बाहेर पडायला वाव उरत नाही. अखेर रबराचे थर आणि आतील दोरे एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतो. लोक मग हवेला दोष देतात, प्रत्यक्षात कमतरता हवेचीच असते.

आता तापलेल्या टायरमधून हवा सोडली तर काय होते ते पाहू. भर दुपारी टायर ५५ अंशांपर्यंत तापलेला असताना कोणी दाब २८ वर आणला, तर दुसऱ्या दिवशी २८ अंशांच्या सकाळी त्याच टायरमध्ये जेमतेम २४ ते २५ उरतो. त्या दाबाने घरची पाच माणसे आणि मागे तुरीच्या डाळीचे कट्टे घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० या मर्यादेपर्यंत गाडी नेणे म्हणजे टायरला हमखास तापवणे होय. स्टिकरवर पूर्ण भारासाठी बहुधा वेगळा, जास्त आकडा असतो. तो वाचावा आणि लग्नसराईत तर नक्कीच पाळावा.

गावात अडचण अशी असते की पेट्रोल पंप जवळ नसतो. तेथे पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि थंड टायरचा दाब मोजणे जमत नाही. म्हणून मी गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर आणि दाब मोजणारे एक वेगळे गेज घेतले. गाडी रात्रभर कडुलिंबाखाली उभी असते. सूर्य वर येण्यापूर्वी मी चारही टायर मोजतो आणि कमी असेल तितकी हवा भरतो. हे काम चहा उकळेपर्यंत होते. प्रवासात तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडत नाही. नायट्रोजनचा सल्लाही मिळाला होता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि आर्वीबाहेर तो पुन्हा कोठे भरायचा हा प्रश्न राहतोच, त्यामुळे मी साध्या हवेवरच समाधानी आहे. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र एक पथ्य पाळतो. लांबचा प्रवास पहाटे आटोपतो, आणि दुपारी निघणे भागच असेल तर वेग ८०-९० च्या पुढे नेत नाही. या पद्धतीने टायरने उन्हाळे निभावले. नक्षी मध्यभागी आणि कडांना सारखीच झिजली आहे, आणि हवा बरोबर असल्याची याहून चांगली खूण नाही. कडा जास्त झिजल्या असत्या, तर हवा कमी असल्याचा तो पुरावा ठरला असता.

पावसाळ्यात हाच दाब वेगळ्या कारणाने उपयोगी पडला. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेल्यास टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. विमानांच्या टायरवरील अभ्यासातून आलेला एक जुना ठोकताळा असा आहे की हा वेग दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्यानुसार ३३ पीएसआयला तो ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २६ ला ८५ च्या आसपास. नक्षी खोल असली तर परिस्थिती याहून बरी असते, तरीही दिशा स्पष्ट आहे. ऑल-सीझन टायरच्या रुंद खाचांनी पुलगावच्या रस्त्यावरील पाणी चांगले बाजूला फेकले. पहिल्या सरींनंतर धूळ आणि तेल एकत्र येऊन रस्ता निसरडा होतो, तेव्हा मात्र कोणताही टायर वाचवत नाही आणि अंतर ठेवणे हाच उपाय असतो.

काळ्या मातीपुढे या टायरची मर्यादा उघड झाली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि इतकी चिकट होते की काही फेऱ्यांतच खाचा गच्च भरतात. मग टायर मातीच्या गुळगुळीत चाकासारखा फिरत राहतो. हवा कमी केल्यानेही येथे फारसे साधत नाही. जुलै ते सप्टेंबर गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करून शेतात पायी जावे, असे मी आप्तांना सांगतो. ज्यांना पांदणीतून जावेच लागते, त्यांनी ट्रॅक्टर किंवा खऱ्या चिखलाच्या टायरचा विचार करावा.

ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते. त्या गोल दाण्यांवर ब्रेक लावला की चाक घसरते, म्हणून आधीपासूनच वेग कमी करावा लागतो. कापूस वेचून झाल्यावर छाटलेल्या पऱ्हाटीचे खुंट आणि तुराट्यांची टोके टोकदार असतात. ती टायरच्या तळव्यात घुसली तर ट्यूबलेसला पट्टी लावून काम भागते, बाजूला घुसली तर तो टायर बदलावाच लागतो. हिवाळ्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. डिसेंबरच्या पहाटे चिखलदऱ्याच्या घाटात दव पडलेल्या वळणांवरही पकड सुटली नाही. पहिली थंडी पडली की दाब आपोआप दोन-तीन पीएसआयने उतरतो, तेवढी हवा मात्र आठवणीने भरावी लागते.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला मी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेतो, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असल्याने ते लवकर झिजतात. स्टेपनीची हवाही त्याच वेळी तपासतो. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत नक्षी झिजली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही निकामी ठरतो. परंतु ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावरच ओल्या रस्त्यावरची पकड झपाट्याने घटते, त्यामुळे मापकावर तो आकडा दिसला की हा संच मी जूनच्या पहिल्या पावसाआधी बदलणार आहे, आणि पुन्हा ऑल-सीझनच घेणार आहे.