डबीतल्या गोळ्या

जुलैतली दुपार. करूळ घाट बंद, कोल्हापूरचा माल तीन दिवस अडकलेला. कणकवलीतल्या आमच्या मेडिकलवर एक पोरगा भिजत आला. "काका, आवशीच्या छातीत दुखता. जिभेखालची गोळी होयी."

म्हणजे सॉर्बिट्रेट. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ती मागणारे पुष्कळ, आणि चिठ्ठी न बघता देणारी दुकानंही आहेत. हे चूकच आहे. आई आणखी काय घेते, असं विचारलं तर तो गप्प. आत बोलावल्यावर हळूच म्हणाला, "सिल्डेनाफिल." आधीच्या दुकानात ते नाव वाचून काउंटरवरची मुलं हसली होती. तेव्हापासून गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत, स्ट्रिप चुलीत. घरात त्याच्याशिवाय कोणाला नाव माहीत नाही.

हे औषध १९९८ साली पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी व्हायग्रा म्हणून आलं, आणि २००५ मध्ये फुप्फुसाच्या धमन्यांतल्या वाढलेल्या दाबासाठी अमेरिकेत मंजूर झालं. त्यासाठीचा नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. बाईमाणसांनाही तोच. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, अंदाज येतो, खात्री उजव्या हृदयात नळी घालूनच होते. दंडावरचं बीपी शंभराच्या आसपास असलं की शेजारी म्हणतात, मग प्रेशरची गोळी कशाला?

सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध. त्याने शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा सीजीएमपी वाढतो. सिल्डेनाफिल त्याच सीजीएमपीला मोडणारं एन्झाइम अडवतं. एक नळ सोडतो, दुसरा मोरीला बोळा घालतो. दोन्ही एकत्र आले की बीपी धाडकन उतरतं. निरोगी हृदय रक्त जास्त फेकून थोडंफार सावरतं, थकलेल्या उजव्या हृदयाला ते जमत नाही. शिवाय अशा रुग्णाची छाती दुखते ती पुष्कळदा त्या हृदयावरच्या ताणाने. तिथे ही गोळी उपयोगाचीही नाही. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. रोज घेणाऱ्याला म्हणजे कधीच नाही.

१०८ ला फोन लावला. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सिल्डेनाफिल २०, तीनदा, शेवटचा डोस दुपारी २ वाजता, बोसेंटान १२५, दोनदा, नायट्रेट देऊ नये. बोसेंटान हे त्याच आजाराचं दुसरं औषध. ते चार आठवडे ६२.५ वर ठेवून मग वाढवतात, आणि लिव्हरची तपासणी दर महिन्याला. ती मेपासून झालेली नव्हती, तेही लिहिलं. डॉक्टरांनी कागद वाचून मला फोन केला, डोसची वेळ पुन्हा विचारली. माणूस नीट काम करणारा. आई आठवड्याने घरी आली.

माझा राग त्या हसणाऱ्या मुलांवर आहे, आणि चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव खरडून 'नायट्रेट नको' हे दोन शब्द न लिहिणाऱ्यांवरही. २० ची स्ट्रिप नाही म्हणून १०० ची गोळी चार तुकडे करून घ्यायला सांगणारेही आहेत. तुकडे सारखे होत नाहीत. पावसात घाट बंद पडतात, हे औषध एकदम थांबलं तर दाब उसळतो. म्हणून अशा रुग्णांचा पंधरा दिवसांचा साठा मी जूनमध्येच बाजूला काढतो.

परवा तो पोरगा पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आला. म्हणाला, "काका, स्ट्रिप नको, डबीत घाला." मी स्ट्रिपच दिली, वर पट्टी चिकटवून: 'फुप्फुसाच्या प्रेशरची गोळी. जिभेखालची गोळी देऊ नये.' त्याने ती वाचली, घडी घालून खिशात टाकली. घरी गेल्यावर त्याने ती चुलीत टाकली की नाही, मला माहीत नाही.