तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं तुमचीच पेरलेली असतात का?

आमच्या म्युझिकलचा, म्हणजे गाण्यांनी गोष्ट सांगणाऱ्या नाटकाचा, प्रयोग संपला की कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "खरं सांगा, स्टेजवर बोलावलेले ते प्रेक्षक तुमचेच असतात ना?" नाही हो. पेरलेला माणूस लगेच कळतो, तो बरोबर लाईटमध्ये जाऊन उभा राहतो. खरा प्रेक्षक हातातली पर्स कुठे ठेवू म्हणून गोंधळतो, आपल्या माणसांकडे बघून उगाच हसतो, आणि पहिला हशा तिथेच येतो. असला हशा लिहून काढता येत नाही.

मग सगळं ऐनवेळचं का? छे, उलट तालमी जास्तच लागतात. 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' हे १९८५ चं ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीतलं, म्युझिकल घ्या. ते ज्या कादंबरीवर आहे तिचा लेखक चार्ल्स डिकन्स १८७० मध्ये गेला आणि ती अर्धीच राहिली, म्हणून खुनी कोण ते तिथे प्रेक्षक मतं देऊन ठरवतात. ऐकायला धमाल, पण मग प्रत्येक संशयिताने आपलं कबुलीचं गाणं रोज तयार ठेवायचं आणि बहुतेकांनी ते न गाताच घरी जायचं. २००५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या स्पेलिंग बी (शब्दांची स्पेलिंगं अचूक सांगायची स्पर्धा) वाल्या म्युझिकलमध्ये तर प्रेक्षकांतले चौघं चक्क स्पर्धक म्हणून बसतात, आणि एखाद्याला घालवायची वेळ झाली की त्याला भयंकर अवघड शब्द दिला जातो, म्हणजे दोरी शेवटी नाटकवाल्यांच्याच हातात.

आमचेही नियम आहेत. सगळ्यात आधी हात वर करून उड्या मारणाऱ्याला शक्यतो घ्यायचं नाही. नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा नाही. माईक पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही, नटानेच धरायचा, नाहीतर तो परत मिळत नाही! आणि फजिती व्हायची ती नटाची, पाहुण्याची नाही, नाहीतर पुढच्या वेळी अख्खी पहिली रांग मान खाली घालून बसते.

पण खरी कसोटी बँडची, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कुणी पायऱ्या चढायला वेळ लावतं, कुणी बोलतच सुटतं, तोवर धूनेचे तेच चार बार (तालाचे छोटे तुकडे) फिरवत राहायचे, नटाच्या तोंडून ठरलेला शब्द आला की थेट गाण्यात उडी. त्यामुळे नोटेशनमधून मान वर न काढणारा कीबोर्डवाला कितीही भारी असला तरी माझ्या काही कामाचा नाही.

पाहुण्याला खाली पाठवायचं तर "जोरदार टाळ्या!" म्हणायचं, बँडने निरोपाची धून वाजवायची, माणूस आपोआप उतरतो. परवा एक काका मात्र टाळ्या ऐकून चेकाळले आणि उलट गायलाच लागले, वर सुरात होते हीच पंचाईत. कीबोर्डवाल्याने त्यांची पट्टी पकडली, कोरसने साथ धरली आणि कडवं संपतंय तोच ड्रमरने असा काही दणका दिला की काका कमरेत वाकून नमस्कार करत स्वतःच खाली उतरले.