तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ताई, तुनं औषध कवय येई?’

अंमळनेरला कुठल्याही लग्नाला गेलं की पंगतीत हे येतंच. कुणी अहिराणीत विचारतं, जळगावचे माझे जुने सर जरा घुमवून विचारतात, मतलब एकच. इतकी वर्षं जंतूंच्या एकाच प्रथिनामागे लागली आहेस, औषध कधी?

एफटीएसझेड हे नाव आता माझ्या भाच्यांनाही पाठ आहे. जंतूचे दोन होताना मध्यावर त्याचं कडं बनतं आणि पेशी तिथेच दुभंगते. कडं बिघडलं की जंतू नुसता लांबत जातो. ज्या बिघडलेल्या जंतूंमुळे हे कळलं, ते ३० अंशांना व्यवस्थित वाढतात, ४२ ला अडतात. ४२ म्हणजे आपला एप्रिल. हा विनोद मी पुण्यात दरवेळी करते, कुणी हसत नाही.

२००८ मध्ये एका रेणूने स्टॅफिलोकॉकस या जंतूचं हेच प्रथिन अडवलं आणि उंदीर वाचवले. तेव्हा मीच सगळ्यांना सांगत सुटले होते की दहा वर्षांत बघा. त्या वेळच्या मला आज काय सांगू? ती ऐकणारी नव्हतीच.

मग नानांचं झालं. प्रोस्टेटचं ऑपरेशन, लघवीतून संसर्ग, तिथून रक्तात. आयसीयूच्या बाहेर भावाने कल्चरचा रिपोर्ट हातात दिला. ‘तू वाच, ह्या तुन्याच गोष्टी.’ क्लेब्सिएला नावाचा जंतू. खाली औषधांची लांब यादी आणि प्रत्येक नावापुढे आर, आर, आर. म्हणजे दाद देत नाही. फक्त कोलिस्टिनपुढे आर नव्हता. भावाने ‘आमची ताई सायंटिस्ट आहे’ असं आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. कोलिस्टिन सुरू करतो, किडनीवर येऊ शकतं. मी मान हलवली. या जंतूला बाहेरून आणखी एक पडदा असतो, आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात, २००८चा तो रेणू असल्या जंतूंपुढे चालत नाही, हे सगळं मला माहीत होतं. त्या बाकावर त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

‘तुन्या लॅबमा काहीच नही का?’ भावाने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता, फ्रीजमध्ये एखादी बाटली असेल तसं.

‘नाही,’ म्हटलं.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकल्याचा आकडा, रोज चढत गेलं. त्याच आठवड्यात नाना गेले. दहाव्याला मला कुणीच काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

आता माझी बाजू. मी डॉक्टर नाही, औषध कंपनी नाही. आणि क्रम तुम्ही समजता तसा सरळ नसतो. सातपुड्यातली कळलावी घ्या. तिच्यात कोल्चिसिन असतं. ते गाउटवर, म्हणजे सांधे सुजण्याच्या एका दुखण्यावर, पूर्वापार देत आले. पेशीत ते कशाला चिकटतं हे शोधताना १९६७ च्या सुमारास ट्युब्युलिन हाती लागलं, आपल्या पेशींमधलं एफटीएसझेडचं भावंड. औषध आधी, प्रथिन मागून. (भाऊ म्हणेल, मग तू उलटीकडून तरी काढ.)

पण ही सबब पुरी पडत नाही, कारण अनुदानाच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात ‘नव्या प्रतिजैविकांसाठी लक्ष्य’ हे मीच लिहिते. खोटं नसतं ते. पण त्या ओळीशिवाय पैसे मिळाले असते तर ती लिहिली असती का? बहुधा नाही. मला ते कडं बघायला आवडतं, एवढंच खरं कारण आहे, आणि ते आयसीयूच्या बाहेर सांगता येत नाही.

२०१७ मध्ये दिसलं की कड्यातले तंतू एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला सुटतात आणि त्यामुळे पेशीभोवती फिरत राहतात. बॅसिलस नावाच्या जंतूमध्ये या फिरण्याच्या वेगावर विभाजनाचा वेग ठरतो. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमध्ये तसं होत नाही. का होत नाही, हे मला हवंय. त्यातून औषध येईल का? येईलही. माझ्या हयातीत, माझ्या हातून, असं वचन मी पुन्हा कुणाला देणार नाही. अर्जातली ती ओळ मात्र यंदाही तशीच गेली आहे.