इटालियनची वही: 'फेरीरे'

मंडळी, या आठवड्यात वहीत 'फेरीरे' घेतलं. अर्थ: जखमी करणे. 'फिनीरे' (संपवणे) किंवा 'कापीरे' (समजणे) या क्रियापदांची रूपं चालवता येत असतील तर याचीही येतात: फेरीस्को, फेरीशी, फेरीशे. जपायचं ते 'फेरीते'ला. 'तुम्ही जखमी करता', 'जखमी झालेल्या' आणि 'जखमा' ही तिन्ही कामं ते एकटं करतं, त्यामुळे आजूबाजूचे शब्द बघूनच अर्थ लावावा लागतो.

मन गुंतलं ते मुळात. लॅटिनमधल्या 'फेरीरे'चा अर्थ नुसता प्रहार करणे. जखमी करायला तिथे 'वुल्नेरारे' हे वेगळं क्रियापद आहे. रोमन लोक तहसुद्धा 'फेरीरे' करत, कारण तह करताना जनावर मारलं जाई. रोमन इतिहासकार लिव्हीने आपल्या इतिहासाच्या पहिल्याच ग्रंथात आल्बा लोंगा या शेजारच्या नगराशी रोमने केलेल्या तहाचं वर्णन केलंय. रोमन पुरोहित ज्युपिटर देवाला सांगतो की रोमने आधी शब्द मोडला, तर आज मी या डुकराला मारतो तसाच तू रोमन लोकांना मार. मग तो गारगोटीच्या दगडाने डुक्कर मारतो. शपथेतल्या दोन्ही 'मार'ना क्रियापद हेच. ते वाचल्यावर हा शब्द विसरणं शक्य नाही.

पुढे अर्थ प्रहारावरून जखमेवर सरकला. मराठीत 'घाव' दोन्हीकडे उभा आहे: कुऱ्हाडीचा घावही आणि मनावरचा घावही. इटालियनमध्ये जुना अर्थ काही कोपऱ्यांत टिकलाय. 'सेन्त्सा कोल्पो फेरीरे' म्हणजे एकही वार न करता, न लढता. किल्ल्याच्या तटातल्या जंगीला 'फेरितोया' म्हणतात, म्हणजे जिथून शत्रूवर मारा करायचा ती फट. 'कि दी स्पादा फेरीशे, दी स्पादा पेरीशे', तलवार चालवणारा तलवारीनेच मरतो, ही म्हण तर पाठच करा. फेरीशे-पेरीशे हे यमक कानात बसलं की रूप आपोआप लक्षात राहतं.

फ्रेंचमध्ये या घराण्याचं फारसं उरलेलं नाही, पण 'फेर्यू' मला फार आवडला. मूळ अर्थ 'प्रहार झालेला', आज एखाद्या विषयाने झपाटलेला.

इटालियनमध्ये प्रहाराची जागा आता 'कोल्पीरे' सांभाळतं. त्यातलं 'कोल्पो' ग्रीक 'कोलाफोस'वरून, म्हणजे थप्पड किंवा ठोसा, लॅटिनमार्गे आलेलं. पुढचं पान त्याचंच.