आठ चार, आठ सात, आठ चोवीस

मंगळवार, रात्री

आज आईशी वाजलं. म्हणजे ती पोळ्या लाटत होती आणि मी ओट्याला टेकून तिला पटवत होते की सिंहगड रस्त्याला सकाळी तिच्या नंबरची बस दर १० मिनिटांनी आहे, त्यामुळे माणसाला सरासरी ५ मिनिटांच्या वर थांबावं लागत नाही. आकडा माझाच. गेल्या वर्षीच्या अहवालात छापून आलाय, तक्त्यात, ठळक अक्षरांत.

"पाच मिनिटं?" लाटणं थांबलं. "परवा वीस मिनिटं उभी होते मी. त्याच्या आधी बँकेत गेले तेव्हाही तेच. आणि आल्या त्या दोन एकदम."

"अगं, एखाद्या दिवशी होतं तसं. मी तीन महिन्यांचा जीपीएस डेटा बघितलाय."

"तुझं ते जीपीएस बसमध्ये बसलेलं असतं की स्टॉपवर उभं असतं?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती, तिचं निमित्त करून मी विषय बदलला. आत्ता अकरा वाजलेत आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

नातेवाईकांना अजून माझं काम कळलेलं नाही. मामा दर दिवाळीला विचारतो, "म्हणजे आरटीओत ना तू?" एकदा सांगून पाहिलं की शहरातल्या बस कुठून कुठे जातात, किती भरतात, किती वेळ घेतात याचा हिशोब मांडते, तर म्हणाला, "मग आमच्या इथली बंद झालेली बस चालू कर की." प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस झाडलोट करण्यात जातो. तिकीट मशिनच्या नोंदीत 'मनपा', 'म.न.पा.' आणि 'कॉर्पोरेशन' हे तीन वेगळे थांबे असतात, ते एक करायचे. आनंदनगर जोडून लिहिलेलं आणि आनंद नगर तोडून लिहिलेलं, यांची गाठ घालायची. जीपीएसचा एखादा ठिपका बस मुठेच्या पात्रात उभी असल्याचं सांगतो, तो उचलून रस्त्यावर ठेवायचा. पालखीचे दिवस आणि गणपतीचे दिवस वेगळे काढायचे, कारण तेव्हा लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता बंद आणि बस भलतीकडूनच. एवढं सगळं निस्तरलं की मग कुठे सरासरी काढायला बसायचं.

आणि सरासरी काढताना मी काय केलं, तर दोन बसमधलं मिनिटांचं अंतर घेतलं आणि २ ने भागलं. एक्सेलमध्ये एक रकाना, एक सूत्र, खालपर्यंत ओढलं, झालं.

बुधवार

ऑफिसला उशिरा येते असं कळवून हिंगण्याच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. शाळेतली असते तशी दोनशे पानी वही, पेन, आणि मोबाईलमधलं घड्याळ. श्रावणातली सकाळ, म्हणजे छत्री उघडायची आणि मिटायची. शेडखाली जागा नव्हती, कारण तिथे एक कुत्रं आणि कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी होती.

आईच्या नंबरची पहिली बस ८.०४. मग ८.०७. मग काहीच नाही. मग ८.२४, लगेच ८.२६. पुन्हा शुकशुकाट. ८.४४ आणि तिच्या शेपटाला धरूनच ८.४५. मग थेट ९.०४.

तासाभरात ६ अंतरं: ३, १७, २, १८, १, १९. बेरीज ६०, भागिले ६, बरोबर १०. माझा अहवाल एका मिनिटानेही चुकलेला नाही. एकही खेप रद्द नाही, सगळ्या गाड्या धावल्या.

पण स्टॉपवर माणसं येतात ती काही गाड्यांची अंतरं बघून येत नाहीत, मिनिटामिनिटाला एकेक येत राहतात. त्या ६० मिनिटांतली ५४ मिनिटं मोठ्या अंतरांची होती. म्हणजे दहातल्या नऊ जणांच्या वाट्याला १७, १८ नाहीतर १९ मिनिटांचंच अंतर आलं. दोन-तीन मिनिटांच्या फटीत येऊन लगेच बस मिळालेला माणूस विरळाच. वहीच्या मागच्या पानावर तिथेच उभ्याने हिशोब केला: प्रत्येक अंतराचा वर्ग (अंतर मोठं तेवढी त्यात येणारी माणसंही जास्त आणि त्यांचं थांबणंही जास्त, म्हणून वर्ग), त्यांची बेरीज ९८८, भागिले एकूण वेळेची दुप्पट, म्हणजे १२०. उत्तर ८.२३. सव्वाआठ मिनिटं! पाच नव्हेत. तीही सरासरीच, त्यातले कित्येक पंधरा-पंधरा मिनिटं उभे होते. आणि १९ मिनिटांच्या अंतराची सुरुवात जिच्या नशिबी आली ती बाई घरी जाऊन वीसच सांगणार.

लाज याची वाटली की हे सूत्र मला नवीन नाही. परीक्षेत आलं होतं, मार्कही पूर्ण मिळाले होते.

गाड्या अशा जोडीने का येतात हेही मी लोकांना फळ्यावर काढून दाखवते. एखादी बस सिग्नलला अडकून मिनिटभर उशिरा पोचली की पुढच्या स्टॉपवर तेवढी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत, तिकिटं काढेपर्यंत आणखी उशीर, म्हणून त्यापुढच्या स्टॉपवर आणखी माणसं. मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामे मिळतात, ती सुसाट येते आणि पुढचीला गाठते. यात ड्रायव्हरचा दोष नाही. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली हे गणितात मांडून दाखवलंय: गाड्यांना आपापलं सोडून दिलं तर त्या जोड्या करणारच. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक शहरात त्या करतायत.

८.२४ ची बस थांबली तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नव्हती. एका काकांनी वरचा दांडा पकडला, पाठीमागून दोन कॉलेजच्या मुलांनी त्यांना आत ढकललं, त्यांची डब्याची पिशवी बाहेरच लोंबत राहिली. कंडक्टर आतून ओरडत होता, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे." पुढे रिकामं नव्हतं. दोन मिनिटांनी मागची आली, खिडक्या रिकाम्या, तरी चढले फक्त चौघं, कारण बाकी सगळे पहिलीत कोंबले गेले होते. भरण्याचाही हिशोब तोच. एकीत ७० आणि दुसरीत १० असतील तर माझ्या तक्त्यात 'सरासरी ४०' येतं, म्हणजे जवळपास सगळे बसून गेले. ८० जणांना विचारलं तर ७० जण शपथेवर सांगतील की गाडी खच्चून भरली होती.

८.३८ ला दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं, काही न बोलता रिक्षाला हात केला आणि निघून गेल्या. त्यांची ओळख नव्हती, रिक्षात बसताना एकीने विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत?" त्या माझ्या कुठल्याच तक्त्यात नाहीत. तिकीट नाही, पास नाही, काही नाही. म्हणून मी त्यांना वहीत लिहिलं. वेळेपुढे नुसतं 'दोघी'.

९.०६ ची गाडी आली, अर्थात रिकामी, तीत मी चढले. कंडक्टरने वही बघून आधी विचारलं, "मॅडम, चेकिंगला का?" नाही म्हटल्यावर ते समोरच्या सीटवर टेकले. मी म्हटलं, तुमची पुढची आत्ताच गेली, दोन मिनिटांपूर्वी. "ती लोकं उचलते, आम्ही हवा खातो," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी विचारतात, तुमच्या गाडीचं उत्पन्न कमी का?"

दोन मिनिटं थांबून अंतर का नाही ठेवत, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बसून बघा की गाडीत. ड्रायव्हरने एक मिनिट जास्त थांबवली की पब्लिक दार वाजवतं. आणि उशीर झाला की शेवटची खेप गेली, चहा गेला, घरी जायची वेळ गेली."

खरंय. गाडीतल्या दहा जणांसाठी ती दोन मिनिटं म्हणजे नुसता जाच, आणि पुढच्या पाच स्टॉपवर उभे असलेले पन्नास जण तर ड्रायव्हरला दिसतच नाहीत.

गुरुवार

सरांना वही दाखवली. त्यांनी बेरीज तपासली (ते तपासतातच), मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण गेल्या वर्षी पाच लिहिलंय आपण. आता सव्वाआठ लिहिलं तर वाचणारा म्हणेल सेवा बिघडली."

बिघडली नाही, होती तशीच आहे, आपण आत्ता मोजलं, असं मी म्हणाले. मग लंडनचं उदाहरण काढलं. तिथे ज्या मार्गावर तासाला ५ किंवा जास्त बस आहेत तिथे गाडी वेळापत्रकाच्या मिनिटाला आली का हे बघत बसत नाहीत. गाड्या सारख्या अंतराने आल्या असत्या तर प्रवासी जेवढा थांबला असता त्याहून तो किती जास्त थांबला, ते मोजतात, आणि बस चालवणाऱ्या कंपनीचं बक्षीस नाहीतर कपात त्यावर ठरते. आपल्याकडे हे व्हायला काही वर्षं जातील, कंडक्टरच्या चहाची सोयही आधी करावी लागेल, पण निदान रकाना तरी असावा.

"लंडनचं पावसाळ्यात चालतं का?" सर म्हणाले. विनोद होता बहुतेक.

शेवटी तह झाला. दोन्ही आकडे जाणार. एका रकान्याला 'गाड्यांमधील सरासरी अंतर', दुसऱ्याला मला हवं होतं 'प्रवाशाची प्रतीक्षा', सरांना वाटलं भावनिक वाटेल. मग 'थांब्यावरील सरासरी प्रतीक्षा'. ठीक आहे. गेल्या वर्षीच्या पानाला तळटीप जाईल की ५ हा आकडा अंतर निम्मं करून काढला होता. सगळ्या मार्गांचं नव्याने मोजायला दोन आठवडे लागतील, म्हणजे गणपतीच्या आत संपवायला हवं, नाहीतर डेटा पुन्हा वेडावाकडा.

शुक्रवार

दुपारी आईचा फोन. मागे इंजिनाची घरघर.

"अगं, दोन एकदम आल्या. तू म्हणालीस तशी पहिली सोडली, मागचीत बसले. खिडकी मिळाली."

"किती वेळ उभी होतीस?"

"ते तू सांग," ती म्हणाली. "तुला पगार कशाचा देतात?"